टकटकताईंचा हातगुण

चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या त्या कारखान्यात चाळीस माणसं होती, आणि त्यातली एकोणचाळीस सोमवारी सकाळी हातावर हात ठेवून एकाच बाईकडे बघत बसायची. बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर येत नसे. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे टकटकताई. टेबल असो, खिडकीची चौकट असो, नाहीतर स्वतःचाच गुडघा असो, ताईंची बोटं त्यावर सतत काहीतरी वाजवत असायची. तरुणपणी सहा वर्षं टायपिस्टचं काम केलं होतं, त्याची ही शिल्लक. टाइपरायटर भंगारात जाऊन जमाना झाला होता, बोटांना मात्र ती बातमी अजून कुणी दिली नव्हती.

ताईंच्या ताब्यात कारखान्याचा सर्व्हर होता. दुकानांकडून आलेले चष्म्यांचे नंबर त्यात जमा व्हायचे आणि तिथून ते घासकामाच्या मशिनींना मिळायचे. सर्व्हर बंद म्हणजे मशिनी मुक्या आणि माणसं रिकामी. त्यावर लिनक्स नावाची प्रणाली होती. हात लावला नसता तर तो वर्षभरसुद्धा न थांबता चालला असता. पण शेजारच्या गाळ्यात कधीकाळी शॉर्टसर्किटनं आग लागली होती, आणि तेव्हापासून मॅनेजरसाहेब दर शनिवारी संध्याकाळी मेन स्विच खाली ओढल्याशिवाय दाराला कुलूप लावत नसत. ताईंनी परोपरीनं सांगून पाहिलं, की साहेब, सर्व्हरला असं आठवड्याच्या आठवड्याला झोपवायचं नसतं. साहेब म्हणाले, "आग लागली तर तो कायमचाच झोपेल."

तेव्हा दर सोमवारी त्याला उठवणं आलं. सात वर्षं तो गुमान उठला. मग आठेक महिन्यांपूर्वी त्याला काय हुक्की आली कोण जाणे. आधी आलेल्या कुणीतरी बटण दाबायचं, आणि तो एखाद्या सोमवारी सरळ उठायचा, तर एखाद्या सोमवारी पडद्यावर ओळी भराभर धावायच्या आणि मधेच सगळं थिजायचं. बंद करून परत चालू केला तर कधी उठायचा, कधी नाही. यंत्र कायमचं बिघडलं तर बरं, निदान दुरुस्त तरी करता येतं. हा म्हणजे डॉक्टरांसमोर गेल्यावर खोकला थांबणारा पेशंट होता. आणि ताई समोर बसल्या की हा पेशंट हटकून ठणठणीत असायचा.

ताईंना एकदा ताप आला तेव्हा ही गोष्ट सगळ्यांच्या नजरेत भरली. दुकानांच्या ऑर्डरी टाइप करणारी एक तिशीची बाई होती, सगळे तिला ऑर्डरवाली म्हणत. तिनं ताईंनी लिहून दिल्याप्रमाणे सगळं बिनचूक केलं, चारदा केलं, तरी सर्व्हर चारही वेळा अडला. अकरा वाजता ताई कानाला रुमाल बांधून, शाल गुंडाळून आल्या, खुर्चीत बसल्या, बटण दाबलं आणि पोरगं कसं शहाण्यासारखं उठतं तसा तो उठला. त्या दिवसापासून कारखान्यात त्यांचा दरारा वाढला.

"हा हातगुणाचा मामला आहे," घासकामातले सगळ्यात जुने कारागीर म्हणाले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. "एकच काच, एकच मशीन. माझ्या हातून नितळ उतरते आणि दुसऱ्याच्या हातून लाट येते. याला काय कारण देणार?"

"कारण असतं, उस्ताद. आपल्याला सापडलेलं नसतं, एवढंच," ताई म्हणायच्या.

म्हणायच्या खऱ्या, पण म्हणताना चेहऱ्यावर जे हसू यायचं त्यात तक्रार नसायची. खोटं कशाला बोला? ताईंना ते आवडत होतं. चौपन्नाव्या वर्षी एखाद्या बाईवाचून चाळीस माणसांचं अडावं, यात सुख नाही असं ज्यांना वाटतं त्यांचं कुणाचं कधी अडलेलं नसावं. दर सोमवारी दाराशी जमलेल्या मंडळींतून वाट काढत ताई आत जायच्या तेव्हा त्यांची पावलं जरा सावकाश पडायची, हे ऑर्डरवालीनं पाहिलं होतं.

या सुखाची किंमत घरात दुसऱ्याच कुणीतरी भरत होतं. ताईंना एकच लेक. लेकीच्या पदवीदानाला ताई पोचल्या नाहीत, कारण त्या दिवशी सर्व्हरची पहिली डिस्क गेली होती. लेकीच्या लग्नात त्या होत्या, पण त्यातला पाऊण तास शेजारच्या खोलीत फोनवर कुणालातरी कुठली वायर ओढायची ते सांगत होत्या. लेक भांडकुदळ नव्हती, चेष्टेखोर होती. सर्व्हरला ती 'धाकटा' म्हणायची. "धाकट्याची तब्येत कशी आहे?" हा तिच्या फोनवरचा दुसरा प्रश्न असायचा. आता लेकीला आठवा महिना लागला होता. ती आगगाडीनं दिवसभराच्या अंतरावर राहायची. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख तिनं आईला कळवली, पण ये असं म्हणाली नाही. "तुला नाही जमणार ते माहितीये मला," एवढंच म्हणाली, अगदी सहज, पाऊस पडेल असं वाटतंय म्हणावं तसं. ते सहज म्हणणं ताईंना चटका लावून गेलं. लेक रागावली असती तर समजूत काढता आली असती. तिनं अपेक्षाच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सहा आठवड्यांच्या रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"ताई, रजा तुमच्या हक्काची आहे. पण सोमवारी तो उठला नाही तर?"

"तीन आठवडे आहेत माझ्या हातात. कारण शोधून काढते."

"सापडलं तर जा, खुशाल सहा आठवडे जा," साहेब म्हणाले. "नाही सापडलं तर मात्र दर सोमवारी तुम्ही इथं लागाल."

ताईंनी शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, खोलीतली उष्णता, खुर्चीत कोण, उठला की अडला. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास सर्व्हर बंद-चालू करायची परवानगी मिळाली. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकेक वायर बदलली, वीजपुरवठ्याचा डबा बदलला, आतली धूळ पुसली. आठ महिन्यांपूर्वी सर्व्हरला नवी डिस्क बसवली होती, तीसुद्धा उलटसुलट तपासली. त्यात काही दोष निघाला नाही. ती विकणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं, 'कृपया यंत्र बंद करून पुन्हा चालू करून पाहावे.' ते वाचून ताई इतक्या हसल्या की ऑर्डरवाली पाणी घेऊन आली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. साहेबांच्या मते एसीचा गारवा लागत होता. घरी नवऱ्याच्या मते प्लग सैल होता. बंद पडलेल्या प्रत्येक वस्तूचा, शेजाऱ्यांच्या बंद पडलेल्या गाडीचासुद्धा, प्लग सैल असतो असं त्याचं आयुष्यभराचं निदान होतं. उस्तादांनी वहीत एकच रकाना पाहिला आणि वही मिटून परत दिली. "मी काय म्हणत होतो?"

दोन आठवड्यांच्या शेवटी आकडे स्वच्छ होते. ताई खुर्चीत, एकोणीस वेळा, एकोणीसही वेळा उठला. ऑर्डरवाली खुर्चीत, चौदा वेळा, त्यातल्या पाचच वेळा उठला. ताई वहीकडे बघत राहिल्या. हातगुण आता कागदावर सिद्ध झाला होता आणि त्याचा त्यांना पहिल्यांदा मनस्वी राग आला. असा हातगुण घेऊन त्या कुठेही जाऊ शकणार नव्हत्या.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी त्यांचं जेवण राहिलं होतं. पोटात कावळे ओरडत होते आणि चाचणीची वेळ झालेली. म्हणून त्यांनी सर्व्हरचं बटण दाबलं, डबा मांडीवर घेतला आणि एका हातानं डबा धरून दुसऱ्या हातानं जेवत पडद्याकडे बघत बसल्या. ओळी धावल्या. ओळी थांबल्या. ताईंचा घास हातातच राहिला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. पडदा जागचा हलेना.

"अडला," त्या हळूच म्हणाल्या. मग उठून दाराशी गेल्या आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं, ये इकडे. अडला बघ, माझ्यासमोर अडला."

ऑर्डरवाली धावत आली. तिच्यामागे उस्ताद आले, साहेबही आले. सर्व्हर मेलेला आणि तो सांभाळणारी बाई डबा हातात घेऊन आनंदानं नुसती फुललेली, हे दृश्य बघून साहेबांना काळजी वाटली.

"ताई, तुम्ही जरा बसता का?"

"बसले होते, साहेब. मी इथंच बसले होते आणि तो अडला. म्हणजे हातगुण वगैरे काही नाही. रोज मी असं काहीतरी करते जे आज केलं नाही. आज मी फक्त जेवत होते."

"म्हणजे रोज काय करता?" साहेबांनी विचारलं.

ताईंना आठवेना. माणसाला स्वतःच्या सवयी सोडून सगळ्यांच्या सवयी माहीत असतात. उत्तर दिलं ते ऑर्डरवालीनं, जरा चाचरतच.

"ताई, तुम्ही वाजवता ना. तो उठेपर्यंत तुमची बोटं कीबोर्डावर चालू असतात. टकटक, टकटक." शेवटचे शब्द तोंडातून गेल्यावर तिनं जीभ चावली.

"आणि तू नाही वाजवत?"

ऑर्डरवालीनं खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. दारावर ताईंच्याच सुबक अक्षरात, लाल शाईत, प्लॅस्टिकमध्ये घातलेली सूचना होती: 'सर्व्हर सुरू होत असताना कीबोर्डला कोणीही हात लावू नये.' दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भलतंच बटण दाबून गोंधळ घातला होता, तेव्हा ताईंनीच ती लावली होती. ऑर्डरवाली ती सूचना अक्षरशः पाळत आली होती. बटण दाबून हात पाठीमागे बांधायची आणि श्वास रोखून उभी राहायची. सूचना लिहिणारी बाई मात्र ती आपल्यासाठी नाही अशा थाटात आठ महिने बडवत बसली होती.

त्या दुपारी ताईंनी सर्व्हरनं स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी काढल्या. उठताना तो काय काय करतो ते सेकंदासकट त्यात असतं. उठलेल्या दिवसाच्या आणि अडलेल्या दिवसाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून त्या एकेक ओळीवर बोट फिरवत खाली आल्या. पहिल्या दीडशे ओळी सारख्याच होत्या. मग एक ओळ आली, 'आकडे पुरेसे जमले' अशा अर्थाची. ताई बसल्या होत्या त्या दिवशी ती अकराव्या सेकंदाला पडली होती. अडलेल्या दिवशी ती पडलीच नव्हती.

भानगड अशी होती. सर्व्हर उठला की आधी आपल्या कुलपांच्या गुप्त किल्ल्या बनवतो, आणि कुणाला ओळखू येऊ नयेत म्हणून त्या बनवायला त्याला मूठभर बेहिशेबी, कसलाच क्रम नसलेले आकडे लागतात. यंत्र बिचारं हिशेबी, स्वतःच्या डोक्यातून त्याला बेहिशेबी असं काही सुचत नाही. मग ते आजूबाजूच्या गडबडीतून वेचतं. जुन्या डिस्कमधली चकती फिरायची, तिची मागेपुढे व्हायची धांदल पुरेशी होती. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नव्हतं. ती इतकी गुणी आणि गप्प होती की वेचायला दाणा मिळेना. मग उरलं कोण, तर कीबोर्ड बडवणारी ताई. माणसाची दोन बोटं कधी एका अंतरानं पडत नाहीत, त्यातून सर्व्हरची मूठ भरायची. बाकीचे सगळे आदबीनं हात बांधून उभे राहायचे आणि तो तसाच वाट बघत बसायचा. दीड मिनिट वाट बघून ऑर्डरींचा प्रोग्राम हात टेकायचा. त्या मुदतीत इकडची तिकडची गडबड पुरेशी जमली, तर उठायचा.

नव्या डिस्कची तपासणी त्यांनी दोनदा केली होती. ती चांगली आहे म्हणूनच घोटाळा होतोय, हे डोक्यात यायला मधे एक डबा यावा लागला.

खात्री करायला त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑर्डरवालीला खुर्चीत बसवलं. "वाजव."

"काय वाजवू?"

"वाट्टेल ते. सासूला मनात जे जे बोलतेस ते टाइप कर."

ऑर्डरवालीनं एकदा दाराकडे, एकदा ताईंकडे बघितलं, आणि मग तिची बोटं जी सुटली ती सुटली. सर्व्हर नवव्या सेकंदाला जागा झाला. ताईंच्या अकरावर तिनं मात केली होती.

यावरचा खरा उपाय सोपा होता. प्रोसेसरच्या आतल्या बारीकसारीक अनियमितपणातून तेच आकडे गोळा करणारा एक छोटा प्रोग्राम मिळतो, तो बसवला की कुणाच्या बोटांची गरज नाही. ताईंनी तो गुरुवारी सकाळी दहालाच बसवला. आणि संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

आता याचा निवाडा ज्यानं त्यानं करावा. त्या दिवशी त्या खोलीत एकट्या बसल्या होत्या. हा प्रोग्राम काढून टाकला तर सोमवारी दाराशी पुन्हा गर्दी होईल, उस्ताद पुन्हा मान डोलावतील, हे त्यांना माहीत होतं. आठ महिने त्या महत्त्वाच्या होत्या, आणि त्या कशाच्या जोरावर तर एका चाळ्याच्या. त्यांना हसू आलं. पाच वाजता त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. शुक्रवारी आणि शनिवारी मिळून बारा वेळा चाचणी झाली, हात पाठीमागे बांधून. बाराही वेळा सर्व्हर उठला. उस्ताद सगळ्या वेळा हजर होते.

"म्हणजे बोटांचंच होतं," शेवटी ते म्हणाले. "मग मी वेगळं काय सांगत होतो?"

साहेबांनी अर्जावर सही केली, पण पेन मिटता मिटता म्हणाले, "हे सगळं तुम्ही इमारतीत असताना झालं, ताई. सोमवारी कळेल खरं. अडला तर फोन करू, पहिल्या गाडीनं यावं लागेल." त्याच संध्याकाळी नेहमीप्रमाणे मेन स्विच खाली ओढला गेला.

रविवारी ताई लेकीकडे पोचल्या. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर त्यांच्यासाठी चादर घातलेली. त्या बॅग आत न्यायला लागल्या तर लेक म्हणाली, "दाराशीच असू दे. तुला सोयीचं पडेल." त्यात टोमणा नव्हता. प्रत्येक वेळी बॅग तिथंच असायची आणि प्रत्येक वेळी ती तिथूनच उचलली जायची. ताईंनी बॅग दाराशी ठेवली. सोमवारचं काय ठरलंय ते जेवताना लेकीला सांगितलं. लेक म्हणाली, "बघू, धाकटा काय म्हणतोय."

सोमवारी साडेसातला ताई फोन समोर ठेवून बसल्या. पावणेआठ झाले. आठ झाले. जावई कामावर गेला. लेक खुर्चीत पाय वर घेऊन चहा पीत होती.

"उठला का?"

"कळलं नाही. अडला असता तर फोन आला असता."

"मग उठला असेल."

"किंवा फोन करायला घाबरत असतील."

साडेआठला ताईंच्यानं राहवेना. त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर ऑर्डरवालीनं उचलला. मागे घासकामाच्या मशिनींची घरघर चालली होती.

"अय्या ताई, पोचलात का नीट? लेक कशी आहे?"

"बरी आहे. सर्व्हर?"

"तो होय? साडेसातलाच चालू झाला की. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. सगळे कामाला लागलेत." मग जराशानं, "काही काम होतं का, ताई?"

"नाही गं. सहज केला."

"बरं, मग ठेवू का? दुकानांचे फोन यायला लागलेत."

ताईंनी फोन टेबलावर ठेवला. तीन आठवडे ज्यासाठी जिवाचं रान केलं ते झालं होतं, अगदी मनासारखं, आणि कुणाला त्यांना कळवायचीसुद्धा आठवण झाली नव्हती. त्यांना चक्क वाईट वाटलं. चांगली दोन मिनिटं वाटत राहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आज सोमवार आहे, सकाळचे पावणेनऊ वाजायला आलेत, आणि त्यांना कुठेही जायचं नाही. असा सोमवार गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता.

लेक त्यांच्याकडे बघत होती. "मग, कुठली गाडी?"

"गाडी नाही. उठला तो. सहा आठवडे आहे मी."

"आई, खरं सांग. मी काही रागावणार नाही. पुढच्या सोमवारी जायचं असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी तशी तयारी ठेवते."

"सहा आठवडे," ताई म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी आहे, त्याच्या पुढच्या सोमवारीही आहे. त्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही, आत्ता विचारून घेतलं."

लेकीनं कप खाली ठेवला. हातांवर भार देत ती सावकाश उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ आली नाही म्हणून ताई मागोमाग गेल्या. लेक मधल्या कप्प्यातले नवऱ्याचे शर्ट काढून पलंगावर ढीग घालत होती.

"अगं, वाकू नकोस, मी काढते."

"हा कप्पा तुझा," लेक म्हणाली. तिनं मान वळवली नाही, आणि आवाज ऐकून ताईंनीही तिला वळायला लावलं नाही. "बॅग आत आण."